कदन्न ते श्रीअन्न
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत गुढियारी येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिवचरित्र अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. त्यानंतर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि कोदो-कुटकी यांची टोपली डोक्यावर घेऊन आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘भरडधान्ये’ असे उत्तर दिले. त्यावर त्यांनी क्षणभर थांबून, “दुसरे काही सुचते का पाहा,” असे अत्यंत विनयाने सुचविले. त्यांचा दोष नाही. भाकरी हा खाण्याचा विषय आहे, व्याख्यानाचा नव्हे, अशीच आपल्या सर्वांची समजूत असते. आम्ही शेतकीतज्ज्ञ नाही आणि वैद्यही नाही. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि बदलीच्या हुकुमाबरोबर गावे पालटत आज आपल्या या नगरीत स्थिरावलो. तेव्हा जे वाचले, जे पाहिले आणि जे ताटात पडले, तेवढ्याच्या आधारावर चार शब्द बोलणार आहोत.

प्रारंभ एका शब्दापासून करू. या धान्यांना हिंदी सरकारी कागदपत्रांत ‘कदन्न’ असे नाव अनेक वर्षे वापरले गेले. शब्द संस्कृत आहे. ‘कुपुत्र’ म्हणजे वाईट पुत्र, तद्वतच ‘कदन्न’ म्हणजे वाईट, हलके, निकृष्ट अन्न. ज्या धान्यावर या देशातील कोट्यवधी माणसे पिढ्यान्‌पिढ्या जगली त्याचे नावच आपण ‘वाईट अन्न’ असे ठेवले. पुढे २०१८ साली केंद्र सरकारने ही धान्ये ‘पोषक तृणधान्ये’ म्हणून अधिसूचित केली आणि ते वर्ष राष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्रीअन्न’ ही पदवी मिळाली. कदन्नाचे श्रीअन्न झाले! मात्र नाव पालटल्याने ताट पालटते काय, आणि पालटावे तर का, हा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

भरडधान्ये म्हणजे गवताच्या कुळातील, बहुधा बारीक दाण्यांची, कमी पाण्यावर येणारी धान्ये. यात ज्वारी आणि बाजरी हे थोरले भाऊ. नाचणी, वरई, राळा, सावा, कोद्रा ही धाकटी भावंडे. प्रांतोप्रांती त्यांची नावे पालटतात. आपली नाचणी नाशिककडे नागली होते, कर्नाटकात रागी होते आणि इकडे बस्तरात तिला मडिया म्हणतात. कोकणातला हरीक तोच इथला कोदो. उपासाला आपण जी भगर अथवा वरीचे तांदूळ खातो त्यांचे आणि इथल्या कुटकीचे कूळ एकच. म्हणजे ज्यांना आपण परक्या मुलखातील आदिवासींचे धान्य समजतो, तेच आपण एकादशीला भक्तिभावाने दाण्याच्या आमटीबरोबर सेवन करीत असतो.

ही धान्ये आजची नव्हेत. रुद्राभिषेकाच्या वेळी आपल्या घरी गुरुजी जे चमक म्हणतात, त्यात यजमानाला प्राप्त व्हावीत अशा धान्यांची नामावळी आहे. तीत गहू आहे, तांदूळ आहे, तसेच प्रियंगु, अणु आणि श्यामाक हीही नावे आहेत. प्रियंगु म्हणजे राळा, श्यामाक म्हणजे सावा. देवापुढे जे मागावे त्यात ज्यांची गणना होती, त्यांना कदन्न कोणी आणि केव्हा ठरविले?

आपली मराठी भाषा तर भाकरीवर पोसलेली आहे. पाहुण्याला आपण “आमची मीठभाकर गोड करून घ्या” असे म्हणतो. नवी नवरी उंबरठ्याशी आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतो. नोकरी गेली तर ‘भाकरीची चिंता’ पडते, पोळीची नव्हे. सण पाहावेत तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी हवी, नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या हव्यात. लातूर, धाराशिव, सोलापूर या भागांत वेळ अमावास्येला अवघे गाव शेतात जाते आणि उंडे, भज्जी आणि आंबील यांचे वनभोजन होते. थंडीत हुरडा, तान्ह्या बाळाला नाचणीचे सत्त्व, प्रवासाला धपाटी, अवेळी आलेल्या पाहुण्याला भाजणीचे थालीपीठ. ही यादी आपल्यापैकी प्रत्येक भगिनी आमच्याहून अधिक लांबवू शकेल.

मग हे धान्य ताटातून गेले कसे? ते एका दिवसात गेले नाही आणि कोणा एकाच्या दुष्टपणामुळेही गेले नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत देशात अन्नाची टंचाई होती. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दोन अवर्षणांनंतर परदेशी गव्हाची जहाजे येत तेव्हा शिधापत्रिकेवर धान्य मिळे. त्या लाचारीतून बाहेर पडण्यासाठी गहू आणि भात यांच्या अधिक उत्पन्न देणाऱ्या जाती, कालवे, रासायनिक खते आणि हमीभावाने खरेदी ही चतुःसूत्री राबविली गेली. हरितक्रांतीने देशाची भूक भागविली, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु सरकार जे विकत घेते तेच शेतकरी पिकवितो आणि स्वस्त धान्य दुकानात जे मिळते तेच गरीब खातो. गहू आणि तांदूळ स्वस्त झाले, घरोघरी पोहोचले आणि प्रतिष्ठेचेही ठरले. १९६०च्या दशकाच्या मध्याला भरडधान्यांखाली देशात सुमारे ३ कोटी ७० लाख हेक्टर जमीन होती. पन्नास वर्षांनंतर ती दीड कोटी हेक्टरच्याही खाली आली.

महाराष्ट्रात यात आणखी एका आठवणीची भर पडली. आमचे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातले. १९७२च्या दुष्काळात आम्ही रांगते होतो, परंतु मातोश्रींच्या तोंडून त्या वर्षाची हकिगत इतक्या वेळा ऐकली की ती डोळ्यांपुढे उभी राहते. लोक खडी फोडायला दुष्काळी कामावर जात, तेथे सुकडी मिळे आणि रेशनवर ‘मिलो’ मिळे. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना हातातच मोडे आणि तिचा वास मातोश्रींना पुढे आयुष्यभर विसरता आला नाही. “जनावराचं खाणं माणसाला दिलं,” असे त्या म्हणत. पण त्या मिलोने असंख्य जीव जगविले हेही खरे. परिणाम मात्र असा झाला की एका संपूर्ण पिढीच्या मनात भाकरी आणि दुष्काळ यांची गाठ पडली. बरे दिवस आले की पोळी करायची, हा त्या पिढीचा निश्चय होता. आमच्या लहानपणी घरात रोज भाकरी आणि सणाला पोळी असे. आज आमच्या मुलांच्या घरी रोज पोळी असते आणि भाकरीसाठी हॉटेलात ‘गावरान थाळी’ मागवावी लागते. एका आयुष्यात चक्र पुरते फिरले.

आता आपल्या या छत्तीसगडाकडे येऊ. अठराव्या शतकाच्या मध्यात बिंबाजी भोसल्यांबरोबर रतनपुरास आलेल्या कुटुंबांपासून रेल्वेच्या आणि सरकारी नोकरीच्या निमित्ताने आलेल्या आमच्यासारख्यांपर्यंत मराठी माणूस या भूमीत मुरत गेला. येथे त्याने जिव्हाळा जोडला आणि भात स्वीकारला. ते स्वाभाविकच होते. छत्तीसगड म्हणजे धानाचे कोठार. येथे काम केलेले थोर भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात शेतकऱ्यांकडून भाताच्या हजारो देशी जाती गोळा केल्या. तो ठेवा आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात जतन केलेला आहे. परंतु हा प्रदेश केवळ भाताचा कधीच नव्हता. येथील शेतकरी जमिनीची चार नावे सांगतो: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा. कन्हार म्हणजे आपली काळी कसदार जमीन. भाठा म्हणजे उंचवट्यावरची तांबडी, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन, कोकणात जिला आपण वरकस म्हणतो तशी. सखलात धान आणि भाठ्या-टिकऱ्यावर कोदो, कुटकी, मडिया अशी ही जुनी विभागणी होती. कोदोला कीड सहसा लागत नाही आणि तो वर्षानुवर्षे साठविता येतो. पावसाने दगा दिला की कोठीतला कोदो निघे. धान हे वैभव होते, कोदो हा विमा होता.

पोषणाच्या बाबतीत अलीकडे इतकी अतिशयोक्ती ऐकू येते की आकड्यांनी बोलणेच बरे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे कोष्टक प्रसिद्ध केले आहे. त्यानुसार १०० ग्रॅम सडलेल्या पांढऱ्या तांदळात तंतुमय भाग सुमारे २.८ ग्रॅम, लोह ०.६५ मिलिग्रॅम आणि कॅल्शियम साडेसात मिलिग्रॅम असते. तेवढ्याच नाचणीत कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम आहे, म्हणजे तांदळाच्या जवळजवळ पन्नासपट. बाजरीत लोह ६.४ मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या दहापट. ज्वारीत तंतुमय भाग १० ग्रॅमहून थोडा अधिक आणि प्रथिने १० ग्रॅमच्या आसपास. कोदोत तंतुमय भाग ६.४ ग्रॅम, प्रथिने ९ ग्रॅमच्या जवळपास. मात्र त्याच कोष्टकात चाळून कोंडा न काढलेल्या गव्हाच्या कणकेत तंतुमय भाग ११ ग्रॅमहून अधिक आहे, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा भाकरी खाणारा अमर होतो आणि पोळी खाणारा रोगी होतो, असे काही नाही. खरा फरक अख्खे धान्य आणि पॉलिश करून, चाळून सत्त्व काढून टाकलेले धान्य यांतला आहे. पांढरा तांदूळ आणि मैदा यांच्या जागी भरडधान्य आले तर लाभ मोठा आहे. ताज्या कणकेच्या जागी आले तर लाभ आहे, पण माफक.

आज आपल्या वयाच्या मंडळींत दोघे भेटले की पूर्वी मुलांच्या परीक्षांविषयी बोलत, आता रक्तातील साखरेविषयी बोलतात. आमच्याही घरी तो पाहुणा आलेला आहे. तंतुमय भाग अधिक असल्याने अख्ख्या भरडधान्याची साखर पांढऱ्या भातापेक्षा सामान्यतः हळूहळू रक्तात उतरते. म्हणून डॉक्टर ती सुचवितात. परंतु बारीक दळून, साखर-तूप घालून केलेली नाचणीची बिस्किटे खाऊन मधुमेह आटोक्यात येईल, अशी आशा कोणी धरू नये. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे आणि भाकरी भूक पाहून घ्यावी.

दुसरी सावधगिरी. कोणतेही एक धान्य पूर्णान्न नसते. १९६०च्या सुमारास हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरीब मजुरांत पेलाग्रा हा त्वचेचा आणि मज्जासंस्थेचा रोग दिसतो. दोष एकट्या ज्वारीचा नव्हता. ताटात डाळ नव्हती, भाजी नव्हती, दूध नव्हते. भाकरीबरोबर पिठले, पालेभाजी, ताक, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी घेणाऱ्या घरात जुन्या अनुभवाचे शहाणपण होते. या धान्यांतील काही द्रव्ये लोह आणि कॅल्शियम शोषू देत नाहीत. धान्याला मोड आणले किंवा पीठ आंबविले की त्यांचा जोर कमी होतो. आंबील आणि नाचणीचे सत्त्व या केवळ चवीच्या गोष्टी नव्हत्या, हे आज प्रयोगशाळा सांगते.

तिसरी गोष्ट कोदोची. पावसात भिजून बुरशी लागलेला कोदो विषारी होतो, तो खाल्ल्याने गुंगी येते, हे खेड्यातल्या माणसाला पूर्वापार ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातील बांधवगड व्याघ्रप्रकल्पात दहा हत्ती मृत्युमुखी पडले. शेतातला बुरशीबाधित कोदो मोठ्या प्रमाणावर खाल्ल्यामुळे ते घडले, असे तपासणीत निष्पन्न झाले. म्हणून कोदो घेताना कोरडा, स्वच्छ, वास नसलेला पाहून घ्यावा आणि दमट जागी ठेवू नये. गुण सांगताना धोका लपविणे हे जाहिरातदाराचे काम आहे.

आता पर्यावरण. भाताच्या खाचरात उभे पाणी लागते. एका पिकाला साधारणतः १२०० मिलिमीटर आणि त्याहून अधिक पाणी खर्ची पडते. ज्वारीचे ४०० ते ५०० मिलिमीटरवर भागते. आमच्या मंगळवेढ्याकडे तर नवल पाहावे. तेथे रब्बीची ज्वारी पावसाळा सरताना पेरतात आणि पुढे आकाशातून थेंबही न पडता, काळ्या मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ती माणूसभर उंच वाढते. थंडीतील दव आणि जमिनीतील ओल एवढ्यावर पिकलेल्या त्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. त्या भागात प्रसिद्ध असलेली ‘मालदांडी ३५-१’ ही जात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक वाणातून निवडलेली आहे. ज्वारीचा दाणा माणसाला आणि कडबा बैलाला, अशी तिची दुहेरी कमाई असते. बाजरी तर तापलेल्या रेताड रानातही उभी राहते. या वनस्पतींची अन्न तयार करण्याची रीतच अशी आहे की कडक उन्हात कमी पाणी उडवून त्या अधिक दाणा धरतात. शिवाय भाताच्या उभ्या पाण्यात कुजणाऱ्या पदार्थांपासून मिथेन वायू निघतो आणि तो पृथ्वीचे तापमान वाढविण्यास हातभार लावतो. कोरडवाहू भरडधान्यांच्या शेतात तो प्रश्न उद्भवत नाही. रासायनिक खताची त्यांची भूकही थोडी.

येथे एखादा श्रोता विचारील की रायपुरात पाऊस बाराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, मग पाण्याची चिंता कशाला? चिंता अशी की तो पाऊस चार महिन्यांत पडतो आणि भाठ्यावरून वाहून जातो. शिवाय उन्हाळी धानासाठी नलिकाकूपांतून जे पाणी उपसले जाते ते पावसाळ्यात भरून निघेलच असे नाही. सखल जमिनीत धान हवेच. त्याच्याशी आमचे वैर नाही. परंतु जी जमीन पाणी धरीत नाही तिच्यावरही धानच पिकविण्याचा अट्टाहास धरणे म्हणजे चाळणीत पाणी साठविण्यासारखे आहे.

मग शेतकरी कोदो का पेरीत नाही? त्याला अडाणी समजणे सोपे आहे, पण तो आपल्यापेक्षा चांगला हिशेबी आहे. २०२३-२४च्या हंगामापासून छत्तीसगडात शेतकऱ्याला धानाचे क्विंटलला ३१०० रुपये मिळू लागले आणि खरेदीची मर्यादा एकरी २१ क्विंटल झाली. म्हणजे उत्तम जमिनीत एकरी ६५,१०० रुपयांपर्यंतची विक्री हमखास. केंद्र सरकारचा किमान आधारभाव ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांनाच आहे. २०२४-२५ साली नाचणीचा भाव ४२९० रुपये होता, पण कोदो-कुटकी त्या यादीतच नाहीत. राज्याने २०२१ साली भरडधान्य अभियान सुरू करून कोदोला क्विंटलला ३००० रुपये भाव दिला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु कोदो एकरी चार-पाच क्विंटल झाला तर हाती १२ ते १५ हजारच पडणार. तेव्हा भावना बाजूला ठेवून कोणीही विचारशील माणूस धानाकडेच वळेल. आम्ही सरकारचे मीठ खाल्लेले असल्याने धोरणावर टीका करणे आम्हांस शोभणार नाही. मात्र एवढे म्हणू शकतो की धान्याला श्रीअन्न म्हटल्याने शेतकऱ्याच्या घरी श्री येत नाही. ती यावयाची तर भाव हवा, खरेदी हवी आणि खाणारा हवा. ओडिशाने २०१७ साली अभियान सुरू करून नाचणीची खरेदी केली आणि ती रेशनवर वाटलीही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आणखी एक अडचण कोणाच्या भाषणात येत नाही, ती म्हणजे सडण्याची. कोदोच्या दाण्यावर कठीण टरफलांचे थर असतात. ते काढण्यासाठी बायका मातीच्या जात्यात कोदो भरडीत, मग उखळात कांडीत, मग सुपाने पाखडीत. एका वेळच्या जेवणासाठी तासन्‌तास राबावे लागे. शंभर किलो कोदो सडला तर खाण्याजोगा दाणा हाती लागतो तो निम्म्याहून थोडा अधिक. भाताच्या गिरण्या गावोगावी झाल्या, कोदोच्या झाल्या नाहीत. जिला हे काम करावे लागे तिने गिरणीचा तांदूळ आनंदाने पत्करला, तर तिला कोण नावे ठेवील? परंपरेचा गौरव करताना ती परंपरा कोणाच्या मनगटावर चालली होती, हे विसरता कामा नये. म्हणून कोदो-कुटकी सडणारी लहान यंत्रे गावागावांत जाणे हे शंभर भाषणांपेक्षा अधिक मोलाचे आहे.

आमच्या घरी कामास येणाऱ्या बाई बालोदकडच्या खेड्यातल्या. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आमच्याकडे कोदोचा भात होऊ लागला तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी डब्याचे झाकण उघडून पाहिले आणि त्या हसल्या. सौभाग्यवतींनी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “ताई, आम्ही कोदो खायचो तेव्हा लोक आम्हाला गरीब म्हणायचे. सोयरीक करायला माणसं यायची तर आई कोदोची हंडी लपवायची आणि उसना तांदूळ आणायची. आता साहेब आजारी पडले म्हणून तुम्ही दुकानातून इतक्या महागाचा कोदो आणता!” त्या बोलण्यात राग नव्हता. परंतु आम्हांला त्या रात्री जेवताना घास जड गेला. हिंदीत अर्धवट शिकलेल्या माणसाला “कोदो देऊन शिकलास काय?” असे विचारतात. गुरुदक्षिणेलाही जे धान्य कमी प्रतीचे ठरले, ते आज रंगीत पाकिटात शहरात किती तरी पट भावाने विकले जाते आणि पिकविणारीच्या ताटात रेशनचा पांढरा तांदूळ असतो. ती आणि आपण यांनी ताटांची अदलाबदल केली आहे, आणि त्या व्यवहारात तिला काय मिळाले, हा प्रश्न आपणा शहरवासीयांना सुटत नाही.

तसा हा प्रश्न आपल्याही घरातला आहे. परमुलखात राहणाऱ्या मराठी घरांतील किती मुले शाळेच्या डब्यात भाकरी नेतात? भाकरी काळी दिसते, मुले हसतात, म्हणून आई पोळी करून देते. आपण नाटके बसवितो, गणेशोत्सवात मुलांकडून श्लोक म्हणवून घेतो, मराठी बोला म्हणून आग्रह धरतो. परंतु भाकरी थापावयास किती मुलींना, आणि आम्ही तर म्हणू किती मुलांना, आपण शिकविले? पीठ मळताना गरम पाणी किती, परातीत हात कसा फिरवावा, तव्यावर पाणी केव्हा लावावे, ही विद्या पुस्तकात नाही. ती हातातून हातात जाते आणि एका पिढीने हात आखडला की संपते. आज सभागृहात बसलेल्या आजीबाईंनंतर ती कोणाकडे राहणार आहे, याचा विचार सुवर्णमहोत्सवी वर्षात करावयाचा नाही तर केव्हा करावयाचा?

म्हणून केवळ व्याख्यान देऊन न थांबता मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, भोगीच्या दिवशी मंडळात सामुदायिक भोजन ठेवावे आणि त्यात बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि इथला कोदोचा भात असे दोन्ही मुलखांचे अन्न एका पंगतीत वाढावे. भाकऱ्या ज्येष्ठ भगिनींनी शिकवाव्यात आणि तरुण मंडळींनी थापाव्यात. त्या वेड्यावाकड्या झाल्या तरी चालतील. दुसरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे वाण म्हणून लुटतो. त्याऐवजी एका वर्षी अर्धा अर्धा किलो कोदो किंवा नाचणी वाण म्हणून द्यावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, हे धान्य पाकिटातून न घेता महिलांच्या बचतगटाकडून किंवा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांकडून मंडळाने एकत्रित खरेदी करावे आणि भाव पेरणीपूर्वीच ठरवून द्यावा. आपल्या गुढियारीला घाऊक व्यापाराची सवय जुनी आहे, एकत्रित खरेदीचे गणित येथे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. पन्नास कुटुंबांनी महिन्याला दोन दोन किलो घेतले तर वर्षाला बाराशे किलो होतात. सरकारी आकड्यांपुढे ते काहीच नाही. परंतु चार-पाच शेतकरी कुटुंबांच्या भाठ्यावरच्या तुकड्याला तो आधार होऊ शकेल, आणि कोदोची हंडी लपविण्याची पाळी कोणावर येणार नाही.

भाताचा त्याग करा, असे आम्ही म्हणत नाही. या भूमीने आपल्याला भात दिला, त्या भाताने आपल्याला वाढविले. आठवड्यातून तीन-चार वेळा ताटात एखादे भरडधान्य असावे, तेही डाळ-भाजी-ताकासह, एवढीच विनंती आहे. सुरुवात थोड्याने करावी, पाणी भरपूर प्यावे, आणि ज्यांना पथ्य आहे त्यांनी वैद्यांना विचारावे.

 भोगीच्या पंगतीला पहिली परात आमच्या घरून येईल, असे सौभाग्यवतींच्या अनुमतीने येथे जाहीर करतो, आणि आपली रजा घेतो. जय महाराष्ट्र, जय छत्तीसगड.